कानसेनांचा संशय

गाणाऱ्याला तानसेन आणि जाणतेपणाने ऐकणाऱ्याला कानसेन म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. गेल्या शंभर वर्षांत कानसेनांची एक नवी शाखा जगभर पसरली. गाण्याइतकेच, काही वेळा गाण्याहूनही जास्त, हे लोक गाणे ज्या यंत्रातून येते त्या यंत्राबद्दल बोलतात. इंग्रजीत त्यांना ऑडिओफाइल म्हणतात. त्यांच्यात एकमत विरळाच. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर चांगला की ट्रान्झिस्टरचा, तबकडी चांगली की सीडी, जर्मन हेडफोन की जपानी, यावर ते आयुष्यभर भांडू शकतात. मात्र २००८ नंतर एका बाबतीत त्यांचे जवळजवळ एकमत झाले. प्रसिद्ध कलावंताचे नाव लावून, गळ्यात दागिन्यासारखा मिरवायला विकलेला हेडफोन म्हणजे ग्राहकाची फसवणूक, असे त्यांनी ठरवून टाकले.

हा संशय कितपत खरा होता, हे तपासणे हा या लेखाचा हेतू. मी ध्वनिशास्त्राचा पदवीधर नाही. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर उघडून, जुनी सर्व्हिस मॅन्युअल आणि मिळतील ती मासिके वाचून जे समजले, तेवढीच माझी शिदोरी. पण हेडफोनच्या या भांडणाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो कुठल्याही श्रोत्याचा आहे. ‘हे चांगले ऐकू येते’ असे आपण म्हणतो तेव्हा तो निकाल नेमका कोण देत असतो? कान, डोळे, खिसा की शेजारी बसलेला माणूस?

नावाची हमी

ध्वनियंत्र विकायला कलावंताचे नाव वापरणे ही आजची युक्ती नाही. अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ती पुरती ओळखली होती. एन्रिको कारूसो हा इटालियन गायक तिचा हुकमी एक्का. तबकडी आणि कारूसो यांची चित्रे शेजारी छापून, दोन्ही कारूसोच आहेत असा दावा तिच्या जाहिराती करत. आपल्याकडे १९०२ साली कलकत्त्यात गोहरजानचा आवाज तबकडीवर उतरला, आणि पुढे तिचे चित्र आगपेट्यांवरही झळकले. ज्याचे गाणे आवडते त्याच्या नावाची वस्तू विश्वासाची वाटते, हा व्यवहार तेव्हापासूनचा.

थॉमस एडिसनचे मत सुरुवातीला उलटे होते. लोकांनी यंत्राची शुद्धता ऐकावी, गायकाच्या नावाला भुलू नये, असे त्याला वाटे. त्याच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर कलावंतांची नावेही नसत. पण बाजाराने त्यालाही वळवले. १९१५ पासून सुमारे दहा वर्षे त्याच्या कंपनीने गावोगावी ‘टोन टेस्ट’ भरवल्या. रंगमंचावर यंत्र आणि त्याच्या शेजारी खरी गायिका. मध्येच दिवे मालवत. गायिका गाते आहे की तबकडी, हे श्रोत्यांनी ओळखायचे. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मारी रॅपोल्ड या गायिकेने असा प्रयोग केला. पुष्कळांना फरक कळला नाही, असा त्या प्रयोगांचा बोलबाला झाला.

त्या वेळची तबकडी आज ऐकली तर याचे नवल वाटते. खरखर आहे, खर्ज नाही, तार स्वर बोथट आहेत. मग फरक कळत कसा नव्हता? अशा चाचण्यांत गाणाऱ्या अ‍ॅना केस यांनी पुढे म्हातारपणी सांगितले की, त्या स्वतःचा आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत. यंत्र गायिकेसारखे गात नव्हते. गायिका यंत्रासारखी गात होती! प्रसिद्ध नाव आणि ध्वनीची शुद्धता यांची गाठ मारणाऱ्या प्रत्येक जाहिरातीकडे पाहताना मला ही गोष्ट आठवते.

हेडफोनच्या बाबतीतही पहिला मान बीट्सकडे जात नाही. अमेरिकेतील मिल्वॉकीच्या जॉन कॉस यांनी १९५८ साली घरी संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन आणला. त्याच कॉस कंपनीने १९६६ साली बीटल्सच्या चौकडीची चित्रे लावलेला हेडफोन ‘बीटलफोन’ या नावाने विकला. तो पोरांचा माल म्हणून सोडून देण्यात आला. त्यावरून कुणी तावातावाने भांडले नाही.

‘बी’ अक्षराची गोष्ट

२००६ साली दोन माणसांनी बीट्स ही कंपनी काढली. एक डॉ. ड्रे, म्हणजे आंद्रे यंग. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टन या कृष्णवर्णीय वस्तीच्या गावातून आलेला रॅप संगीतकार. १९९२ सालचा ‘द क्रॉनिक’ हा त्याचा अल्बम ध्वनिरचनेसाठी आजही वाखाणला जातो. दुसरा जिमी आयोव्हीन. तरुणपणी ब्रूस स्प्रिंगस्टीनसारख्यांच्या ध्वनिमुद्रणावर अभियंता म्हणून बसलेला आणि पुढे इंटरस्कोप या रेकॉर्ड कंपनीचा प्रमुख झालेला. ड्रेकडे बुटांना नाव देण्याचा प्रस्ताव आला होता. बूट कसले, स्पीकर विकू, असे आयोव्हीनने त्याला सुचवले, ही हकिकत दोघांनीही सांगितलेली आहे.

दोघेही स्टुडिओत आयुष्य घालवलेले होते. तेव्हा बहुतेक लोक आयपॉडबरोबर मिळणाऱ्या पांढऱ्या इअरफोनवर गाणी ऐकत, आणि स्टुडिओत महिनोन्‌महिने घडवलेला खर्ज त्यांतून गायब होई. ही तक्रार खोटी नव्हती. बीट्सचा पहिला हेडफोन ‘स्टुडिओ’ २००८ साली आला. किंमत सुमारे ३५० डॉलर, तेव्हाच्या दराने १५ हजार रुपयांच्या आसपास. देखणे रूप रॉबर्ट ब्रुनर यांच्या संस्थेचे. हे गृहस्थ पूर्वी अ‍ॅपलचे रचनाप्रमुख होते. यंत्र बनवण्याची बाजू मॉन्स्टर केबल या कंपनीने सांभाळली.

खरी कमाल विक्रीत होती. त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकला निघालेल्या अमेरिकेच्या बास्केटबॉल संघातील सहकाऱ्यांना लेब्रॉन जेम्सने हे हेडफोन वाटले. खेळाडू कानांवर ‘बी’ अक्षर घेऊन जगाच्या कॅमेऱ्यांसमोर आले. पुढे लेडी गागा, शॉन कोम्ब्स, जस्टिन बीबर यांच्या नावांचे नमुने निघाले. यश पाहून ५० सेंट आणि लुडाक्रिस हे रॅपरही आपापले हेडफोन घेऊन बाजारात उतरले. अमेरिकेत शंभर डॉलरच्या वरच्या हेडफोनांच्या बाजारातील निम्म्याहून अधिक वाटा काही वर्षांत एकट्या बीट्सकडे गेला. २०१४ साली अ‍ॅपलने ही कंपनी तीन अब्ज डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा करार बोस कंपनीशी झालेला असताना कॉलिन केपर्निक हा खेळाडू पत्रकारांसमोर बीट्स घालून आला आणि लीगने त्याला १० हजार डॉलर दंड केला. हेडफोन घातल्याबद्दल दंड! ऐकण्याचे साधन आता दाखवण्याची वस्तू झाल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

आक्षेप काय होते

कानसेनांचे आक्षेप तीन होते. आवाजात खर्ज बेसुमार आहे. किमतीच्या मानाने आतला माल सामान्य आहे. आणि लोक तो कानासाठी नव्हे, मिरवण्यासाठी घेतात.

पहिला आक्षेप समजून घ्यायला थोडे यंत्र समजून घ्यावे लागते. बहुतेक हेडफोनांत एक पातळ पडदा, त्याला चिकटलेले तारेचे वेटोळे आणि मागे चुंबक असते. वेटोळ्यातून विजेचा प्रवाह बदलत वाहिला की पडदा हलतो आणि हवा हलवतो. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला इतकी कंपने, ऐकतो. या पट्ट्यात कुठले स्वर किती जोराने द्यायचे हे पडद्याची घडण, पेटीची पोकळी आणि कानावरच्या गादीची घट्ट पकड यांवर ठरते. बीट्सच्या सुरुवातीच्या नमुन्यांनी खालचा पट्टा बराच उचललेला होता.

यात बिघडले काय? कानाचा एक गुण असा की, खालचा मोठा आवाज वरच्या लहान आवाजाला झाकतो. वरचा खालच्याला तेवढा झाकत नाही. आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्झचा. पण तानपुऱ्याची जादू त्या मूळ स्वरात कमी आणि जवारीमुळे वर उमटणाऱ्या स्वरांच्या साखळीत जास्त असते. खर्ज उचललेल्या हेडफोनवर ख्याल ऐकला तर डग्ग्याची घुमक फुगते आणि तानपुऱ्याची ती झिलई, गायकाच्या श्वासाची हालचाल, आवाजाची कड मागे सरते. एवढे खरे, की या हेडफोनवर मैफल ऐकणाऱ्याला मैफलीतला बराच तपशील मुकावा लागे. ज्याच्या कपाटात तीस-चाळीस वर्षांची ध्वनिमुद्रणे आहेत त्याला हा आक्षेप पटणारच.

उघडलेला हेडफोन

दुसऱ्या आक्षेपाचा इतिहास मोठा मासलेवाईक आहे. जून २०१५ मध्ये अमेरिकेतील बोल्ट या गुंतवणूक संस्थेतील एका अभियंत्याने बीट्सचा सुमारे २०० डॉलरचा हेडफोन सुटा केला आणि आतल्या सुट्या भागांची किंमत मांडली. ती भरली सुमारे १७ डॉलर. त्याहून गाजली ती दुसरी गोष्ट. आत धातूचे काही तुकडे होते, ज्यांचे मुख्य काम वजन वाढवणे हेच असावे, असा त्याचा निष्कर्ष होता. हातात घेतल्यावर वस्तू भारी वाटावी म्हणून! बातमी जगभर पसरली आणि कानसेनांना हवा तो पुरावा मिळाला.

थोड्याच दिवसांत उलगडा झाला, की उघडलेला हेडफोन मुळात नकली होता. त्या अभियंत्याने मग अस्सल हेडफोन मिळवून तोही उघडला. भागांची किंमत २० डॉलरच्या आसपास निघाली. धातूचे तुकडे तिथेही होते, पण कमी. म्हणजे निष्कर्ष फारसा बदलला नाही. तरीही या प्रकरणातून दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. जाणकार अभियंत्याला तो उघडेपर्यंत, आणि उघडल्यावरही काही काळ, अस्सल-नकल कळली नाही. आणि ज्यांनी पहिली बातमी आनंदाने वाटली, त्यांतल्या फार थोड्यांनी दुसरी वाटली. संशयालाही आपल्या आवडीचा पुरावा लागतो.

शिवाय सुट्या भागांची बेरीज म्हणजे वस्तूची किंमत नव्हे. आराखडा, साचे, जोडणी, वाहतूक, दुकानदाराचे कमिशन, जाहिरात हे सगळे त्यावर चढते. कानसेनांच्या लाडक्या हेडफोनांनाही हाच हिशेब लावला तर ते कितपत टिकतील?

किंमत, डोळे आणि कान

या प्रश्नाचे उत्तर २०१७ साली जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने एका शास्त्रीय नियतकालिकात दिले. त्याने २८३ हेडफोनांची मोजमापे घेऊन, कुठल्या पट्टीत ते किती आवाज देतात याची त्यांच्या किमतीशी तुलना केली. दोन्हींत संबंध आढळला नाही. महाग हेडफोन अधिक आरामदायी असेल, अधिक टिकेल. पण स्वरांचा तोल त्यात अधिक चांगला असेलच असे नाही. हा निकाल बीट्सच्या विरुद्ध वापरता येतो, आणि बीट्सच्या टीकाकारांच्या कपाटातल्या मालाविरुद्धही.

त्याआधी, १९९४ साली, हार्मन या ध्वनिसाधनांच्या कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी एक प्रयोग केला होता. कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवून गुण द्यायला सांगितले. एकदा पडद्याआड, एकदा डोळ्यांसमोर. डोळ्यांसमोर असताना मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले आणि छोट्या स्वस्त प्लास्टिकच्या संचाचे घसरले. त्याहून बोलके निरीक्षण पुढचे आहे. पडद्याआड ऐकताना स्पीकरची जागा किंवा गाणे बदलले की गुणही बदलत. कान जागे होते. स्पीकर दिसू लागताच असे बदल बरेचसे जाणवेनासे झाले. डोळ्यांनी निकाल दिला की कान काम सोडून देतात! आणि ही माणसे ध्वनीच्या धंद्यातली होती.

म्हणजे ‘बी’ अक्षर पाहून पोराला आवाज भारी वाटतो, हे खरे. पण तेच अक्षर पाहून कानसेनाला तो भिकार वाटतो, हेही त्याच नियमाने खरे.

कानसेनांच्या घरात डोकावले तर त्यांचीही श्रद्धास्थाने दिसतात. बीट्स बनवणाऱ्या मॉन्स्टर कंपनीने आधी नाव कमावले ते जाड, महागड्या स्पीकरच्या वायरी विकून, आणि त्या घेणारे ध्वनिशौकीनच होते. २००७ साली जेम्स रँडी या प्रसिद्ध संशयवाद्याने आव्हान दिले: ७,००० डॉलरहून महाग वायर आणि साधी चांगली वायर यांतला फरक डोळे झाकून ओळखा आणि दहा लाख डॉलर घ्या. ते बक्षीस कुणी नेले नाही.

आणखी एक दाखला मला फार बोलका वाटतो. ऑस्ट्रियाच्या एकेजी कंपनीचा के ७०१ हा हेडफोन कानसेनांत मान्यता पावलेला. २०१० साली कंपनीने जवळपास तोच हेडफोन क्विन्सी जोन्स या थोर संगीतकाराच्या नावाने, क्यू ७०१ म्हणून, पोपटी रंगातही आणला. नाव प्रसिद्ध, रंग भडक. पण इथे ‘फॅशन’ म्हणून गदारोळ झाला नाही. पुष्कळांनी तो आवडीने घेतला. तेव्हा कलावंताचे नाव हा खरा आक्षेप नव्हता, हे उघड आहे.

खर्ज कोणाचा?

मग खरा आक्षेप कशाला होता? काही अंशी ध्वनीलाच, हे वर मान्य केले आहे. पण काही अंशी तो ऐकणाऱ्यांना होता, असे माझे मत झाले आहे. हिप-हॉप हे १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील कृष्णवर्णीय वस्त्यांतून आले. रस्त्यावर, मैदानात, मोठाल्या स्पीकरांभोवती ते वाढले. १९८० साली आलेल्या रोलंड टीआर-८०८ या तालयंत्राचा लांब घुमणारा ठोका त्याचा कणा झाला. या संगीतात खर्ज म्हणजे मजकूर आहे. तो छातीत जाणवायला हवा. आपल्या ढोल-ताशाच्या पथकापुढे उभे राहून कुणी ‘जरा खर्ज कमी करा, बासरीतला बारकावा ऐकू येत नाही’ म्हणत नाही. ज्या संगीतासाठी यंत्र केले त्या संगीतावर ते जोखायला हवे. युरोपीय सिम्फनी किंवा आपला ख्याल लावून या हेडफोनला नापास करणे म्हणजे पखवाजाला सतारीच्या मोजपट्टीने मापणे.

शिवाय ‘सपाट’, म्हणजे कुठलाच पट्टा न उचललेला आवाज आदर्श, हा समजही तपासात टिकला नाही. ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ पासून हेडफोनांवर अनेक चाचण्या केल्या. बहुसंख्य श्रोत्यांना खर्ज काही डेसिबलने उचललेला आवडतो, असे आढळले. कारण सोपे आहे. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर लावले की भिंतींमुळे खर्ज आपोआप थोडा भरतो, आणि कानाला त्याची सवय असते. त्यातही एका गटाला याहून जास्त खर्ज हवा असतो, दुसऱ्याला कमी. हार्मन स्वतः हेडफोन विकते, हे ही आकडेवारी वाचताना विसरू नये. तरी एवढे म्हणता येते, की बीट्सची दिशा चुकली नव्हती. ते त्या दिशेने फार पुढे गेले होते.

संशयाची परीक्षा

२०१४ साली बीट्सचा सोलो-२ हा सुधारित नमुना आला. हेडफोनांची शेकडो मोजमापे घेतलेले टाइल हर्टसेन्स हे अमेरिकन समीक्षक बीट्सचे जुने टीकाकार. त्यांनी तो मोजला, ऐकला आणि उघडपणे चांगला म्हटले. यंत्र बदलले तर मत बदलायचे, ही खऱ्या संशयाची खूण. जो संशय कुठल्याही पुराव्याने बदलत नाही त्याला आपण सोवळे म्हणतो.

आज आपल्या शहरांत लोकलपासून बागेतल्या बाकापर्यंत प्रत्येक कानात काहीतरी आहे. क्रिकेटपटू आणि सिनेनट यांच्या तोंडून इअरफोनांची जाहिरात रोज ऐकू येते. दिवाळीत घरातल्या मुलांनी असा एखादा हट्ट धरला असेल, तर ‘फॅशनचे खूळ’ म्हणून झिडकारण्याआधी घरच्या घरी एक परीक्षा करता येईल. ओळखीचे दोनच तुकडे निवडा: एक भरपूर खर्जाचा, एक निव्वळ गळ्याचा. दोन हेडफोनांचा आवाज आधी सारख्या पातळीवर आणा. हे अतिशय महत्त्वाचे, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमी चांगलाच वाटतो, आणि हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले आहे. मग ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने हेडफोन चढवावेत. वजनाने, गादीच्या स्पर्शाने ओळख पटतेच, त्यामुळे ही चाचणी प्रयोगशाळेइतकी काटेकोर नाही. तरी नावाचा आणि किमतीचा पगडा थोडा सैल होतो. मुलानेही ऐकावे आणि आजोबांनीही. दोघांची निवड वेगळी आली तर त्यात कुणाचा कान खोटा ठरत नाही. दोघे वेगळे संगीत घेऊन वाढले, एवढेच त्यातून कळते.

मिरवण्यासाठी हेडफोन घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. बालगंधर्वांच्या शालू-शेल्यांची नक्कल त्या काळच्या घराघरांत झाली, म्हणून त्यांचे गाणे कमी प्रतीचे ठरले नाही. मिरवण्याचे पैसे मिरवण्याचे म्हणून द्यावेत आणि ऐकण्याचे ऐकण्याचे म्हणून. बीट्सवर रागावलेल्या कानसेनांनी ग्राहकाला हा फरक शिकवला, हे त्यांचे ऋण आहे. तोच फरक ते स्वतःच्या कपाटातल्या वायरींना आणि डब्यांना लावतील, तर त्यांचा संशय अधिक वजनदार होईल, आणि त्यासाठी आत धातूचे तुकडे बसवावे लागणार नाहीत.